जिवाला आधार देणारे अन्न



कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला म्हणजे तो महागाईवर, बोनसवर, नाहीतर सरकारवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही "माणसाला कोणते जेवण जिवाला बरे वाटते आणि का" असे उत्तर दिले. त्यांना प्रथम ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. आमचे शाळेचे शिक्षण आठवीत संपले; पुढचे जे काही झाले ते चाळीखालच्या मोफत वाचनालयात आणि गेटसभांत झाले. पण त्याही आधीचे एक शिक्षण आमच्या आईच्या खाणावळीत झाले. आजचा विषय तिथलाच आहे.

आरंभीच एक घोटाळा दूर करू. आवडीचे खाणे आणि आधाराचे खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरणपोळी कुणाला आवडत नाही? पण ताप उतरलेल्या माणसाला पुरणपोळी आठवत नाही. त्याला मऊ भात, मेतकूट, वर तुपाची धार आणि लिंबाच्या जुन्या लोणच्याची फोड आठवते. रात्री उशिरा परगावाहून थकून आलेला माणूस घरात शिरताना "काहीतरी गोडधोड आहे का" असे विचारीत नाही. "पिठले टाक" म्हणतो. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारीपाजारी पिठले-भाकरी नाहीतर पिठले-भात आणून देतात. काही भागांत त्याला 'कडू घास' म्हणतात. सणाचे अन्न दहा माणसांना दाखवून खायचे असते. हे दुसरे अन्न भिंतीकडे तोंड करून खाल्ले तरी चालते.

गिरणगावात हा फरक आम्ही डोळ्यांनी पाहिला. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी काढायचे ठरविले आणि त्यानंतर शंभर वर्षे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून माणसे मुंबईला येत राहिली. पुष्कळजण कुटुंब गावी ठेवून येत. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसांची वळकटी. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला पाठ टेकणार. स्वयंपाकाला ना जागा, ना वेळ. म्हणून खाणावळी उभ्या राहिल्या. बहुतेक बायकांनी चालविलेल्या, आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत. वीस-पंचवीस माणसे दोन वेळ जेवणार, पगार झाला की महिन्याचे पैसे देणार, आणि तोपर्यंत बाईने वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडे व्याज सांभाळायचे. या बायकांना कोणी उद्योजक म्हणत नसे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि खाणावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली, तेव्हा कुठे सावकाराची पकड थोडी सैल झाली. आमच्या आईला हे सारे उशिरा कळले, पण कळले.

आईला सगळे 'मावशी' म्हणत. तिच्याकडे निम्मे जेवणारे कोकणातले आणि निम्मे घाटावरचे. कोकणातल्याला भात हवा, त्यावर कुळथाची पिठी, जोडीला भाजलेला सुका बांगडा. घाटावरच्याला भाकरी, झुणका, खर्डा. स्टोव्ह एक, हात दोन. एकदा तांदूळ स्वस्त मिळाला म्हणून तिने आठवडाभर सगळ्यांना भातच वाढला. पाचव्या दिवशी कोल्हापूरकडचा एक साचेवाला ताट पुढे सारून म्हणाला, "मावशी, पोट भरतं, पण जेवल्यागत वाटत न्हाई." तक्रार उपाशी राहिल्याची नव्हती. पोट तुडुंब होते. आई रागावली, बडबडली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परात पुढे घेऊन भाकऱ्या थापू लागली.

'पोट भरणे' आणि 'जेवल्यागत वाटणे' यांच्यामधल्या अंतराचा विचार आम्ही पुढे पुष्कळ वर्षे केला. त्यावर शास्त्रज्ञ काय म्हणतात, तेही जमेल तसे वाचले.

पहिली गोष्ट शरीराची. जन्मून काही तासच झालेल्या, अजून दूधही न प्यायलेल्या बाळाच्या जिभेवर गोड थेंब ठेवला तर त्याचा चेहरा सैल होतो. कडू ठेवला तर ते तोंड वाकडे करते. इस्राएलमधील स्टायनर यांनी १९७० च्या दशकात हे प्रयोग केले. म्हणजे गोडाची ओढ कुणी शिकवावी लागत नाही. बाकीच्या चवी आपण शिकतो. पण किती लवकर! २००१ साली अमेरिकेत जुली मेनेला यांनी काही स्त्रियांना गरोदरपणी, तर काहींना अंगावर पाजण्याच्या काळात, गाजराचा रस प्यायला दिला. त्यांच्या बाळांना पुढे गाजर घातलेली पेज भरविली, तेव्हा ती त्यांनी इतर मुलांपेक्षा खुशीने खाल्ली. आईने जे खाल्ले त्याचा वास पोटातल्या पाण्यातून आणि दुधातून मुलापर्यंत पोहोचलेला असतो. तेव्हा कुळीथ आमच्या ताटात येण्याच्या आधीच आमच्या ओळखीचा झाला होता, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट वासाची. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूत बरीच चौकी-पहारे ओलांडून जाते. वासाची वाट मात्र आखूड आहे. भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांशी तिचा अगदी जवळचा संबंध आहे. म्हणून लसणीची फोडणी चुरचुरली की चाळीस वर्षांपूर्वीचे स्वयंपाकघर एकदम उभे राहते, आणि त्याच घराचा फोटो पाहून तेवढे होत नाही.

तिसरी गोष्ट जरा काळजीची आहे. २००३ साली मेरी डालमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की सतत ताणाखाली असलेला जीव साखर आणि चरबी यांकडे वळतो, आणि त्या खाण्याने शरीरातली ताणाची यंत्रणा थोडी शांत होते. त्यांचे बरेच काम उंदरांवरचे होते. आम्हांला मात्र वाचताना रातपाळीचा कामगार दिसत होता: दोनचा सुमार, डोळ्यांवर झोप, आणि हातात चार चमचे साखरेचा चहा व तळलेला वडा. आमच्या सभासदांत मधुमेहाची औषधे खिशात घेऊन फिरणारी माणसे थोडी नाहीत. त्यांना "जिभेवर ताबा ठेवा" असा उपदेश डॉक्टर करतात, तो योग्यच आहे. पण लागोपाठ पाळ्या बदलणाऱ्याला उपदेश करताना त्या पाळ्यांबद्दलही कुणी बोलावे. आणि पगाराच्या दिवशीच्या गुत्त्यालाही कितीतरी जण 'आधार'च म्हणत आले आहेत, हे आम्ही लपवून ठेवणार नाही.

आता याच्या उलट बाजूचा एक प्रयोग. २०१४ साली मिनेसोटा विद्यापीठातील वॅग्नर, मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना मन खिन्न करणारे चित्रपटांचे तुकडे दाखविले. मग काहींना त्यांचे स्वतःचे आधाराचे खाणे दिले, काहींना दुसरे काही, काहींना काहीच नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचीच मनःस्थिती सारखी सुधारली. निष्कर्ष असा की या खाण्याला आपण जे श्रेय देतो ते फुकटचे आहे. खिन्नता आपोआपच जाते. प्रयोग खोटा म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण चित्रपटाचे दुःख चित्रपटगृहाच्या पायरीवर संपते. खोलीत तीस माणसे असून ज्याला एकटे वाटते त्याचे दुःख निराळे. २०११ साली ट्रॉयसी आणि गॅब्रिएल या दोघांनी जे पाहिले ते आम्हांला आमच्या अनुभवाशी अधिक जुळणारे वाटते. ज्यांच्या दृष्टीने कोंबडीचा रस्सा हे आधाराचे अन्न होते, त्यांना तो पाजल्यावर त्यांच्या मनात आपल्या माणसांचे, नात्यांचे विचार अधिक सहज येऊ लागले. आणि ज्यांची नाती मुळात प्रेमाची होती त्यांचा एकटेपणा अशा जेवणाच्या नुसत्या आठवणीने कमी झाला. म्हणजे ज्याला लहानपणी कुणी मायेने भरविले, त्यालाच हे अन्न लागू पडते. खर्डा मागणाऱ्या त्या साचेवाल्याला मिरचीपेक्षा ती वाटणारी कुणी तरी हवी होती.

हे ध्यानात घेतले म्हणजे मग हे अन्न 'परंपरेचे' आणि 'शुद्ध' असलेच पाहिजे, हा हट्ट गळून पडतो. उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो टॅपिओका, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही अमेरिका खंडांकडची. आपली म्हणाल तर जिरे आणि तूप. तरी एकादशीला ती खाऊन आजीची आठवण होतेच. चहाचेही तसेच. १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्याच्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या-कारखान्यांत चहाची दुकाने मांडून कामगाराला त्याची सवय लावली गेली. मळेवाल्यांनी आपल्या फायद्यासाठी लावलेली सवय ती. आज तीच गोष्ट आपण मयताच्या घरीही पहिल्यांदा पुढे करतो. एखादे अन्न जिव्हाळ्याचे व्हायला दोन पिढ्या पुरतात.

पण कोणाचे अन्न जिव्हाळ्याचे मानायचे, यात जात आणि दारिद्र्य दोन्ही लुडबुडतात. वरण-भात-तूप हे सगळ्या महाराष्ट्राचे मायेचे जेवण आहे, असे मासिकांतून लिहिले जाते. ज्या घरांत तूप कधी दिसलेच नाही, तिथल्या मुलांची माय काय वाढीत होती? शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाची खाद्यसंस्कृती नोंदवून ठेवली, तेव्हा पुष्कळ वाचकांना आपल्या शेजारी हे सारे शिजत होते याचा पत्ता प्रथमच लागला. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून खाल्लेला एक सभासद आम्हांला ओळखीचा आहे. आजारी पडला की त्याला कण्याच लागतात. त्याचाच सख्खा भाऊ कण्यांचे नाव काढले तरी उठून जातो. एकच घर, एकच मडके.

१९७२ च्या दुष्काळाचेही असेच. त्या वेळी अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, जिला लोक 'मिलो' म्हणत, तिच्या भाकऱ्या खाल्लेली सोलापूरकडची वयस्क माणसे आम्हांला भेटली आहेत. तिच्या आठवणीने आजही त्यांची तोंडे वाकडी होतात. पण दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी ज्यांनी पोरवयात ओंजळीत घेतली, त्यांतले काही तिच्याबद्दल हसतमुखाने बोलतात. त्या दिवसांत तेवढे एकच गोड असेल, किंवा ती वाटणारा हात मायेचा असेल.

देश सोडून गेलेल्यांत ही ओढ अधिकच दिसते. कोकणातले बेने इस्राएल लोक इस्राएलला गेले, लोद, अश्दोद, बीरशेबा येथे वसले. पण एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करताना आजही पोहे, खोबरे, गूळ-साखर आणि फळे हीच सामग्री घेतात. मुंबईत गोव्याच्या खलाशांची गाववार 'कूड' असत. तिथल्या माणसाला दहा-अकरा वाजता पेज आणि लोणचे मिळाले की गावात असल्यासारखे वाटे. आणि खुद्द मुंबईचे डबेवाले? सुमारे १८९० पासूनचा हा सगळा धंदा एकाच गोष्टीवर उभा राहिला: हॉटेल शेजारी असतानाही माणसाला घरचाच घास हवा असतो. करोनापूर्वी हे काम करणारे सुमारे ५ हजार होते. २०२० च्या टाळेबंदीने कचेऱ्या बंद झाल्या आणि कितीतरी मावळे गावी परतले.

आता आमचीच एक चूक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी ठाण्याच्या पुढे एका कारखान्यात आमची युनियन होती. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४६ व्या कलमान्वये अडीचशेपेक्षा अधिक कामगार असतील तिथे उपाहारगृह ठेवण्याची सक्ती करता येत होती (२०२० च्या संहितेने हा आकडा १०० वर आणला), आणि त्या कारखान्यात ते होतेही. रातपाळीला पहाटे तीन वाजता चहा आणि कांदाभजी मिळत. व्यवस्थापनाने कंत्राटदार बदलला आणि भज्यांऐवजी कागदात बांधलेली बिस्किटे सुरू केली. स्वच्छ, मोजलेली, आरोग्याला बरी. कामगार बिथरले. आमच्याकडे आले. आम्ही त्या वेळी पगारवाढीच्या वाटाघाटींत गुंतलो होतो. आम्ही त्यांना सगळ्यांसमोर म्हणालो, "भज्यांसाठी भांडायला युनियन काढली काय? जिभेचे चोचले नंतर पुरवू."

कुणी काही बोलले नाही. दुसऱ्या रात्रीपासून त्यांनी आम्हांला न विचारता उपाहारगृहावर बहिष्कार घातला. सहा रात्री चालला. चौथ्या रात्री आम्ही लाजत तिथे गेलो. पावसाळा होता. भट्टीखात्यातला एक म्हातारा फिटर बाहेर पत्र्याखाली बसून घरून आणलेली चपाती खात होता. तो म्हणाला, "साहेब, तीन वाजता माणूस सगळ्यात खाली गेलेला असतो. त्या वेळी कुणीतरी आपल्यासाठी कढई ठेवलीय, एवढंच होतं ते." साहेब हा शब्द त्याने आम्हांला तेव्हा प्रथमच वापरला, एरवी तो आमचे नाव घेत असे. पगारवाढीच्या तक्त्यात बसविता येईल असे त्या वाक्यात काही नव्हते. आम्ही ते मागणीपत्रात घातले तेव्हा "कामगारांच्या प्रथेचा भंग" असे कायद्याचे शब्द शोधावे लागले. भजी परत मिळाली. नव्या कंत्राटदाराचे तेल वाईट होते, ही गोष्ट निराळी.

तो म्हातारा जे बोलला ते आमच्या आईच्या वहीत आधीच लिहिलेले होते. आम्हांला वाचता आले नाही एवढेच. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आम्ही बारा वर्षांचे होतो. पहिला महिना खाणावळ भरलेली राहिली. पैसे मात्र कुणाकडेच नव्हते. आईने मासळी बंद केली, मग भाजी बंद केली. उरले बेसनाचे आणि कुळथाचे पीठ, भात, आणि कांदा. घाटावरच्यांना आता भाकरी मिळेना, पण एकही ताट पुढे सारले गेले नाही. वहीत ती रोजच्या जेवणापुढे रेघ ओढी. मार्च-एप्रिलपासून माणसे एकेक करून गावाकडे निघाली. जाण्याच्या आदल्या रात्री प्रत्येकजण पोटभर जेवून जाई, आणि जाताना पैशांचा विषय काढू लागला की ती "आधी जेव" म्हणे. काहींनी चार-पाच वर्षांनी पोस्टाने पैसे धाडले. एकाने आंब्याची पेटी पाठविली. बहुतेकांचे काहीच आले नाही, आणि त्यांचे पुढे काय झाले हे आम्हांला माहीत नाही. वही आमच्यापाशी आहे.

इथवर आम्ही जे बोललो त्यात एक मोठी उणीव आहे, ती एका महिला सभेत आमच्या ध्यानात आणून दिली गेली. आम्ही असेच पिठले-भात, माय, आठवणी यांवर रंगून बोललो. मागच्या रांगेतून एक बाई उठून म्हणाली, "हे सगळं करून वाढणारीला काय आठवतं, ते विचारलंत का कधी?" मग आम्ही तिथेच विचारले. एकीने पाणीपुरी सांगितली, एकीने माहेरचा चहा सांगितला. पण पुष्कळजणींचे उत्तर एकच होते: पदार्थ कोणताही असो, आयता ताटात पडलेला.

ते ऐकताना आम्हांला आईचे शेवटचे आजारपण आठवले. ती महिनाभर एका सार्वजनिक रुग्णालयात होती. सून रोज कुळथाची पिठी आणि मऊ भात नेई. आम्हांला वाटे, आयुष्यभर जे तिने शेकडो लोकांना दिले ते आता तिला मिळावे. ती दोन घास खाऊन ताट बाजूला करी. एका संध्याकाळी आम्ही विचारले, "आई, तुला काय आणू?" ती म्हणाली, "इराण्याकडचा ब्रून-मस्का." आम्ही चकित झालो. मग तिने सांगितले की खाणावळीच्या दिवसांत, महिन्याचा हिशेब झाला की ती एकटीच नाक्यावरच्या इराण्याकडे जाऊन बसत असे. पंधरा मिनिटे. पोऱ्या टेबल पुसून तिच्यापुढे बशी ठेवी. आम्हां पोरांना तिने हे कधी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही लालबागहून ब्रून-मस्का कागदात बांधून आणि चहा थर्मासात घालून नेला. दात नव्हते, म्हणून तिने तो चहात बुडवून मऊ केला. अर्धा खाल्ला. उरलेला आमच्या हातात दिला आणि म्हणाली, चहात साखर जास्त घातलीय त्याने.